अल्पदाब कोठी

आतील हवेचा दाब, ऑक्सिजनाचे प्रमाण, तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण करून समुद्रसपाटीवरच उंच पर्वतावरील किंवा उंच आकाशातील परिस्थिती निर्माण करणारी बंदिस्त कोठी. उंचीचा सजीवांच्या शरीरावर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी तिचा उपयोग होतो. उंदीर, मूषक (लहान जातीचे उंदीर), ससे, गिनीपिग, पक्षी इ. प्राणी तीत काही तासांपासून अनेक आठवड्यांपर्यंत ठेवले जातात.

हवेतील ऑक्सिजनाचे प्रमाण सर्व उंचींवर जवळजवळ सारखेच, म्हणजे सु. २०·९ टक्के असते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब. समुद्रसपाटीला हा दाब ७६० मिमी. पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो आणि त्यापैकी ऑक्सिजनाचा वाटा (आंशिक दाब) सु. १५९ मिमी. असतो. सु. ५,५०० मी. उंचीवर दोन्ही निम्मे होतात. पर्वतावर मात्र विरळ हवेच्या जोडीला थंडी, कोरडेपणा, प्रखर सूर्यप्रकाश, चढाचे श्रम व अपुरा आहार ही सर्व कारणे एकाच वेळी काम करतात. त्यांतील कोणत्या कारणाचा कोणता परिणाम, हे पर्वतावर ठरविणे अवघड असते. ही कारणे एकमेकांपासून सुटी करण्यासाठी कोठीची योजना झाली. परंतु बंद कोठी ही स्वतःच एक वेगळी परिस्थिती असते आणि तिचेही परिणाम प्राण्यावर होतात. हे परिणाम ओळखून ते एकेक करून दूर करण्याचा प्रयत्न म्हणजेच या कोठीचा इतिहास होय.

आद्य प्रयोग : हवेला वजन असून तिचा दाब मोजता येतो, हे एव्हांजेलिस्ता तोरीचेल्ली यांनी १६४३ मध्ये दाखविले. फ्रान्समधील प्वी द दोम या पर्वतावर १६४८ मध्ये केलेल्या प्रयोगात उंचीबरोबर हा दाब कमी होतो, हे सिद्ध झाले. जर्मनीतील ओटो फोन गेरिक यांनी हवा काढून घेणारा पंप तयार केल्यावर इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल (१६२७–९१) यांनी रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या साहाय्याने १६५९ च्या सुमारास सुधारित पंप बनविला. त्याच्या काचपात्रात चंडोल, चिमणी व मूषक ठेवून हवा काढली, तेव्हा प्राण्यांना झटके येऊन ते मरण पावले. हे प्रयोग १६६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या प्रयोगांत एक शंका उरत होती. प्राणी हवेच्या अभावी मेला, की बंद पात्रात त्याच्याच उच्छ्वासाने हवा दूषित झाल्यामुळे मेला? बॉइल यांनी ही शंका दुर्लक्षिली नाही. पात्रातील हवा न काढता त्यात प्राणी ठेवून त्यांनी तुलनेसाठी वेगळी निरीक्षणे केली. एका प्रयोगात मूषकासाठी पात्रात कागदाचे अंथरूण व चीज ठेवले आणि रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने तो मरू नये म्हणून ते पात्र शेकोटीजवळ ठेवले. सकाळी मूषक जिवंत असून त्याने बरेचसे चीज खाल्लेले आढळले. अन्न, अंथरूण, ऊब व तुलना या चारही गोष्टींचा विचार येथे प्रथमच एकत्र झालेला दिसतो आणि आजच्या कोठीतही त्यांचाच विचार करावा लागतो.

हुक यांनी १६७१ मध्ये माणूस बसू शकेल असे पिंप तयार केले. ते दुसऱ्या मोठ्या पिंपात ठेवून मधल्या जागेत पाणी भरले, म्हणजे सांध्यांतून हवा आत शिरत नसे. स्वतः आत बसून त्यांनी सु. एक चतुर्थांश हवा काढविली; तेव्हा त्यांचे कान दुखू लागले व ऐकू येईनासे झाले. माणसासाठी केलेली ही पहिली अल्पदाब कोठी समजली जाते. पुढील शतकात हवेच्या पंपाचे प्रयोग लोकरंजनासाठीही होऊ लागले. जोसेफ राइट या इंग्रज चित्रकाराने १७६८ मध्ये रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात काचपात्रातील पांढरा पक्षी मरणाच्या दारात असून भोवतालच्या प्रेक्षकांपैकी काही कुतूहलाने पाहत आहेत, तर एका मुलीने डोळे झाकून घेतले आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांविषयीची ही दुहेरी भावना त्यानंतरही टिकून राहिली आहे.

पॉल बेर यांचे कार्य : कोठीला शास्त्रीय साधनाचे स्वरूप फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेर (१८३३–८६) यांनी दिले. मेक्सिकोच्या पठारावर वैद्यकी केलेल्या डनी झूर्दाने या फ्रेंच डॉक्टरांनी उंचीवरील लोकांच्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, असे मत मांडले होते. त्यांच्याच आर्थिक साहाय्याने बेर यांनी पॅरिसमधील सॉरबॉन येथे लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडून मोठ्या दंडगोलाकार कोठ्या उभारल्या. त्यांना काचेच्या खिडक्या होत्या व पंप वाफेच्या एंजिनावर चालत असे.

बेर यांच्यापुढील प्रश्न नेमका होता : उंचीवर अपाय होतो तो हवेच्या दाबातील यांत्रिक घटीमुळे, की ऑक्सिजन कमी मिळाल्यामुळे? त्यांनी चिमण्यांना निरनिराळ्या दाबांखाली आणि ऑक्सिजनाचे निरनिराळे प्रमाण असलेल्या हवेत ठेवले. एकूण दाब कितीही असला, तरी ऑक्सिजनाचा आंशिक दाब एका वातावरणाच्या सु. ३ ते ४ टक्क्यांपर्यंत उतरला की चिमणी मरते, असे त्यांना आढळले. उलट दाब पुष्कळ कमी करूनही शुद्ध ऑक्सिजन पुरविला, तर ती जगते. बंद पात्रातील जास्त दाबाखालच्या मृत्यूंचे कारण मात्र साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड हे असते आणि अतिशय जास्त दाबाचा ऑक्सिजन स्वतःच विषारी ठरून झटके आणतो, हेही त्यांनी दाखविले. अशा रीतीने चार वेगवेगळी कारणे एकाच साधनाने सुटी झाली. बेर यांनी स्वतःवरही प्रयोग केले. ऑक्सिजन हुंगत असताना त्यांनी कोठीतील दाब २४८ मिमी.पर्यंत उतरविला होता. त्यांचा हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानविद्येला त्याची गरज भासल्याने १९४३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले.

या ज्ञानाची किंमत लवकरच कळून आली. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल या बलूनवीरांनी १८७४ मध्ये बेर यांच्या कोठीत सराव केला होता. १५ एप्रिल १८७५ रोजी ते गास्तॉं तिसॉंद्ये यांच्यासह ‘झेनिथ’ या बलूनमधून वर गेले. बरोबर घेतलेला ऑक्सिजन अपुरा आहे, असे बेर यांनी पत्राने कळविले होते. परंतु ते पत्र वेळेवर पोहोचले नाही. मोजका ऑक्सिजन गरज पडेपर्यंत राखून ठेवण्यात आला आणि गरज पडली तेव्हा तो घेण्यासाठी हात उचलण्याची शक्ती कोणातच उरली नव्हती. बलून सु. ८,६०० मी. उंचीपर्यंत गेले. एकटे तिसॉंद्ये जिवंत परतले. ऑक्सिजन-न्यूनता प्रथम निर्णयशक्ती व स्नायू निकामी करते आणि पीडिताला धोक्याची जाणीवच होऊ देत नाही, हा धडा या अपघाताने दिला.

सामान्य दाबाची कोठी : अपायाचे कारण केवळ ऑक्सिजनाचा आंशिक दाब असेल, तर हवा विरळ करण्याची गरजच नाही; सामान्य दाबाच्या हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजनाचे प्रमाण घटविले, तरी तेच साधेल. या विचारातून कोठीचा दुसरा प्रकार पुढे आला. इंग्लिश शरीरक्रियावैज्ञानिक जोसेफ बारक्रॉफ्ट (१८७२–१९४७) यांनी १९२० मध्ये केंब्रिज येथे काचेच्या हवाबंद खोलीत सहा दिवस काढले आणि त्या काळात आतील ऑक्सिजन क्रमाने कमी करण्यात आला. फुप्फुसे ऑक्सिजन रक्तात सक्रियपणे स्रवतात, असे जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे मत होते. त्याचा निर्णय करण्यासाठी शेवटी बारक्रॉफ्ट यांच्या मनगटाजवळील रोहिणीतून रक्त घेण्यात आले. ते काळसर होते आणि ऑक्सिजन केवळ विसरणाने (दाबाच्या फरकामुळे आपोआप पसरून) रक्तात जातो, या मताला त्यातून पुष्टी मिळाली. पुढे १९२१–२२ मध्ये त्यांनी पेरू देशातील सेर्रो दे पास्को येथे सु. ४,३०० मी. उंचीवर मोहीम नेऊन हाच प्रश्न प्रत्यक्ष पर्वतावर तपासला. कोठीतील निष्कर्ष पर्वतावर आणि पर्वतावरील निरीक्षण कोठीत पडताळून पाहण्याची पद्धत यातून रूढ झाली.

सामान्य दाबाच्या कोठीला भक्कम भिंती लागत नाहीत व ती स्वस्तात तयार होते. तथापि दोन्ही प्रकारांत मिळणारे परिणाम तंतोतंत सारखे असतात काय, याविषयी अजून वाद आहे. श्वसन व शरीरातील द्रवांचे संतुलन यांत काही सूक्ष्म फरक आढळल्याचे अनेक संशोधकांनी नोंदविले आहे.

महायुद्धाचा काळ : विमानांची उंची वाढल्यावर विविध देशांच्या हवाई दलांनी मोठ्या कोठ्या उभारल्या. या इतिहासातील सर्वांत काळे प्रकरणही याच काळातील आहे. १९४२ मध्ये जर्मनीतील डाखाउ छळछावणीत फिरती अल्पदाब कोठी आणून सु. २०० कैद्यांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध प्रयोग करण्यात आले व त्यांत ७० हून अधिक कैदी मारले गेले. न्यूरेंबर्ग येथील वैद्यांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये मानवी प्रयोगांसंबंधीची जी तत्त्वे घोषित झाली, त्यांत व्यक्तीची स्वेच्छा संमती हे पहिले तत्त्व असून असा प्रयोग प्राण्यांवरील पूर्वप्रयोगांच्या आधारे आखलेला असावा, असेही एक तत्त्व आहे. त्यामुळे प्राणि-कोठीवरील जबाबदारी वाढली. तिचे निष्कर्ष सदोष असतील, तर प्राण्यांचे हाल व्यर्थ जातात आणि माणसालाही धोका पोहोचतो.

संमतीने व क्रमाक्रमाने केलेल्या मानवी प्रयोगाचे उदाहरण म्हणजे १९४६ मध्ये अमेरिकेतील पेन्साकोला येथे चार्ल्स हूस्टन व रिचर्ड रायली यांनी केलेला ‘ऑपरेशन एव्हरेस्ट’ हा प्रयोग होय. त्यात चार स्वयंसेवक महिन्याभराहून अधिक काळ कोठीत राहिले. १९८५ मध्ये नॅटिक येथे त्याची अधिक विस्तृत आवृत्ती झाली.

प्राण्यांवरील संशोधन : पेरूमधील मोरोकोचा येथे फ्रेंच वैज्ञानिक फ्रांस्वा व्हियो यांनी १८९० मध्ये उंचीवर रक्तातील तांबड्या कोशिकांची संख्या वाढते, असे दाखविले होते. ही वाढ कशी घडून येते, याचा उलगडा कोठीत झाला. १९५० मध्ये कुर्ट राइसमान यांनी शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडलेल्या उंदरांच्या जोड्या घेतल्या. जोडीतील एकालाच अल्प ऑक्सिजनाची हवा दिली, तरी दोघांच्याही अस्थिमज्जेत तांबड्या कोशिकांची निर्मिती वाढली. तेव्हा हा संदेश रक्तातून जाणाऱ्या पदार्थाचा असला पाहिजे, हे स्पष्ट झाले. हा पदार्थ म्हणजे मुख्यतः वृक्कात (मूत्रपिंडात) तयार होणारे एरिथ्रोपोएटिन हे हॉर्मोन होय. त्याचे मापन करण्यासाठी पुढे कोठीचाच उपयोग झाला. काही आठवडे अल्पदाबात ठेवलेल्या मूषकांत तांबड्या कोशिका वाढतात. त्यांना बाहेर आणले की त्यांच्या शरीरातील ही निर्मिती जवळजवळ थांबते. अशा वेळी टोचलेल्या नमुन्यामुळे ती किती वाढते, यावरून त्यातील हॉर्मोनाचे प्रमाण ठरविता येई. हेच हॉर्मोन कृत्रिम रीत्या तयार होऊ लागल्यावर वृक्कविकारातील पांडुरोगावर महत्त्वाचे औषध ठरले.

सु. १० टक्के ऑक्सिजनाच्या हवेत उंदीर दोन ते चार आठवडे ठेवले, तर फुप्फुसातील रक्तदाब वाढून हृदयाचा उजवा निलय (खालचा कप्पा) जाड होतो. फुप्फुसीय अतिरक्तदाबाच्या अभ्यासात ही पद्धत आजही वापरली जाते. कोशिकांना ऑक्सिजन-न्यूनता कशी जाणवते, या प्रश्नाच्या संशोधनातही जनुकीय फेरबदल केलेले मूषक अशा कोठीत ठेवण्यात आले. या विषयातील कार्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेर यांची चिमणी १९६८ मध्ये पुन्हा कोठीत आली. व्हॅन्स टकर यांनी चिमण्या व मूषक यांना सु. ६,१०० मी. उंचीशी जुळणाऱ्या दाबात एकत्र अभ्यासले. दोहोंचे रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याच्या बाबतीत फारसे वेगळे नसूनही चिमण्या उडू शकत, तर मूषक निपचित पडत. पक्ष्यांच्या फुप्फुसांची रचना अल्प ऑक्सिजनास अधिक अनुकूल असते, या मताला यामुळे बळ मिळाले. एका जातीवरील निष्कर्ष दुसऱ्या जातीला सरसकट लागू करता येत नाही, हेही यातून दिसून आले.

रचनेतील प्रश्न : अर्ध्या वातावरणाच्या दाबावर चालणाऱ्या कोठीच्या प्रत्येक चौ. मी. भिंतीवर बाहेरून सु. ५ टन भार येतो. म्हणून कोठी दंडगोलाकार, घुमटाकृती टोकांची व जाड पारदर्शक खिडक्यांची करतात. पंपाने हवा सतत ओढून घेतली जाते आणि सूक्ष्म झडपेतून तेवढीच ताजी हवा आत येऊ दिली जाते. या प्रवाहाचे काम केवळ दाब राखण्याचे नसते. प्राण्यांच्या उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, घामोळेल्या अंथरुणातील ओल व मूत्रापासून होणारा अमोनिया ही सर्व तो बाहेर नेतो. प्रवाह अपुरा पडला, तर कार्बन डाय-ऑक्साइड साचून श्वसन वेगाने होते व ऑक्सिजन-न्यूनतेचे परिणाम झाकले जातात. म्हणजे बॉइल यांचीच शंका पुन्हा उभी राहते. सामान्य दाबाच्या कोठीत त्यासाठी सोडा-लाइमसारखी शोषके वापरतात. काही ठिकाणी सिलिकोन रबराचा पडदा वापरला गेला. प्राण्यांच्या श्वसनानेच आतील ऑक्सिजन कमी होतो. परंतु या पडद्यातून कार्बन डाय-ऑक्साइड ऑक्सिजनापेक्षा कितीतरी सहज निसटत असल्याने तो साचून राहत नाही.

तापमानाचा प्रश्न अधिक फसवा आहे. माणसाला सुखद वाटणारे २२° से. तापमान मूषकाला थंड असते. उष्णता टिकविण्यासाठी जादा श्रम पडू नयेत म्हणून त्याला सु. ३०° से. तापमान लागते. ऑक्सिजन कमी होताच त्याची उष्णतानिर्मिती घटते व शरीराचे तापमान काही अंशांनी उतरते. अशा वेळी दिसणारा परिणाम उंचीचा की थंडीचा, हे तापमान मोजल्याविना सांगता येत नाही. अल्प ऑक्सिजनात प्राणी कमी खातात व त्यांचे वजन घटते. म्हणून बाहेरच्या तुलनेच्या प्राण्यांनाही तेवढेच अन्न देऊन पाहावे लागते. सफाईसाठी कोठी रोज उघडली, तर प्राणी दररोज काही काळ समुद्रसपाटीवर उतरतो व पुन्हा चढतो. ते टाळण्यासाठी दोन दारांमधील दाब वेगळा नियंत्रित होणारी लहान मधली कोठी जोडतात. पंपाचा आवाज व कंप यांमुळे प्राणी भेदरतात. म्हणून तुलनेचे प्राणी खोलीतील उघड्या पिंजऱ्यात न ठेवता तशाच दुसऱ्या कोठीत, तोच हवाप्रवाह व तोच आवाज, पण सामान्य दाब अशा परिस्थितीत ठेवणे आवश्यक ठरते.

‘सामान्य दाब’ म्हणजे काय, हेही स्पष्ट करावे लागते. अमेरिकेतील डेन्व्हर शहर सु. १,६०० मी. उंचीवर असून तेथील दाब सु. ६३० मिमी. असतो. तेथे समुद्रसपाटीची तुलना हवी असल्यास कोठीतील दाब वाढवावा लागतो. केवळ उंचीचा आकडा देणेही पुरेसे नसते. प्रमाणित कोष्टकानुसार एव्हरेस्टच्या शिखरावरील दाब सु. २३६ मिमी. यावयास हवा, परंतु ख्रिस पिझो यांनी २४ ऑक्टोबर १९८१ रोजी शिखरावर केलेल्या मापनात तो २५३ मिमी. आढळला. हिमालयाच्या अक्षांशावर हवेचा थर अधिक जाड असल्याने हा फरक पडतो आणि शिखरावर ऑक्सिजनाशिवाय पोहोचणे शक्य होते, ते या थोड्या अधिक दाबामुळेच. म्हणून संशोधन-लेखात दाब, ऑक्सिजनाचे प्रमाण, तापमान, चढविण्याचा वेग व प्राण्यांचा वाण यांची नोंद देणे इष्ट समजले जाते. उंदरांच्या एकाच जातीच्या दोन वाणांपैकी एकाला दीर्घकालीन उच्चस्थलीय विकार चटकन होतो व दुसऱ्याला सहसा होत नाही, असेही आढळले आहे.

भारतातील संशोधन : १९६२ च्या युद्धात व त्यानंतर सैनिकांना सपाटीवरून हिमालयातील उंच ठाण्यांवर थोड्या अवधीत न्यावे लागले. त्यांच्यात फुप्फुसात पाणी साठण्याचा घातक विकार मोठ्या प्रमाणावर दिसून आला. इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे वर्णन जगभर महत्त्वाचे मानले गेले. बंगलोर येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या हवाई दलाच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत आणि दिल्ली येथील संरक्षण खात्याच्या शरीरक्रियाविज्ञान संस्थेत कोठ्यांच्या साहाय्याने प्रशिक्षण व संशोधन चालते. भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या व त्याखालील १९९८ च्या नियमांच्या चौकटीत करावे लागतात.

मर्यादा : कोठी काही दिवसांत किंवा आठवड्यांत घडणारे बदल दाखवू शकते; अनेक पिढ्यांच्या निवडीतून आलेले अनुकूलन तिच्यात निर्माण होत नाही. अर्जेंटिना–चिली सीमेवरील यूयाईयाको या ज्वालामुखीच्या ६,७३९ मी. उंचीच्या शिखरावर जे स्टॉर्झ व त्यांच्या सहकाऱ्यांना पानासारखे कान असलेल्या मूषकाच्या जातीचा प्राणी आढळला. हा शोध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सस्तन प्राणी इतक्या उंचीवर राहू शकतील, अशी त्यापूर्वी कल्पना नव्हती. अशा प्राण्यांचे रहस्य उलगडण्यासाठीही त्यांना पर्वतावर पाहणे आणि कोठीत तपासणे या दोन्हींची गरज असते. पर्वतावर परिणाम दिसतो, पण त्याचे कारण निश्चित करता येत नाही. कोठीत कारण निश्चित करता येते. मात्र कोठीमुळे होणारे परिणाम आधी वगळलेले असले पाहिजेत.